जिन्याच्या वळणावरून

१

“ताई, लेखिकाबाई गेल्या.” फोनवर प्रकाशक बोलत होता, पण आवाज त्याचा वाटत नव्हता. “सकाळी खुर्चीतच सापडल्या. दुधातून औषध घातलं होतं. पोलीस म्हणतायत, धाकटीने.”

प्रूफताईच्या हातातलं लाल पेन गळून पडलं.  आणि तिच्या मनात जो पहिला विचार आला, त्याची लाज तिला पुढे जन्मभर वाटायची होती. तो विचार असा: केलंच शेवटी त्या बाईने!

आता प्रूफताई काही कुणाचं वाईट चिंतणारी नव्हे. छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका शोधायच्या, हा तिचा धंदा. नाकावर माशी बसू न देणारी, चष्म्यावरून बघणारी, नवशिक्या लेखकांना रडकुंडीला आणणारी, पण मनाने सरळ. तरीही तिला धाकटीबद्दल असं वाटलं, आणि त्याचं कारण लेखिकाबाईंच्या नऊ कादंबऱ्यांत होतं.

नऊही भयकादंबऱ्या. एकच घर, आणि गोष्ट सांगणारी एकच मुलगी. तिला नाव नाही, ती स्वतःला नुसती ‘मी’ म्हणते. त्या घरात एक करडी बाई वावरते. अंगावर करडी शाल, कमरेला किल्ल्या, पावलांचा आवाज नाही. ती करते काय? तसं पाहिलं तर काहीच नाही. दाराशी उभी राहते. दिवा घेऊन जिना चढते. औषधांचं कपाट उघडते आणि मिटते. पण वाचणाऱ्याची पाचावर धारण बसते. लेखिकाबाईंची धाकटी बहीण त्यांच्याच घरात राहायची, करडी शाल पांघरायची, कमरेला किल्ल्या लावायची. वाचकांनी काय ते ओळखलं. ती बाजारात गेली की बायका मुलांना जवळ ओढायच्या.

वीस वर्षं त्या कादंबऱ्या प्रूफताईच्या हाताखालून गेल्या होत्या. पुस्तकातलं कुणी चुकीच्या दाराने आत येऊ नये म्हणून तिने त्या घराचा नकाशा टेबलासमोर टाचून ठेवला होता. म्हणून तर पोलिसांनी तिला बोलावलं. मेलेल्या बाईच्या टाइपरायटरवर एक नवं प्रकरण सापडलं होतं आणि ते त्यांचंच आहे, असं कुणीतरी जाणकाराने सांगायला हवं होतं.

घराच्या फाटकाशी शंभरेक माणसं जमली होती. निम्म्यांच्या हातात पुस्तकं. एक म्हातारी ओरडत होती, “बाहेर काढा त्या करडीला!” प्रूफताई अंग चोरून आत शिरली.

तपास अधिकारी दिवाणखान्यात उभाच होता. रुंद खांद्यांचा, झोप न झालेला माणूस. “मॅडम, मी नऊच्या नऊ वाचल्यात,” तो म्हणाला. “बायको तर म्हणते, ही बाई एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार. घेतला! दुखण्यावरच्या थेंबांची शिशी दुधात रिकामी झालीय. रिकामी शिशी धाकटीच्या शिवणाच्या टोपलीत सापडली. दूध तिनेच वर नेलं. ती तोंडातून चकार शब्द काढत नाही. आणि हे बघा, लेखिकाबाईंना आधीच कळलं होतं.”

त्याने कागद पुढे केला. प्रूफताईने चष्मा सारखा केला आणि वाचायला घेतलं.

“मी जिन्याच्या वळणावर उभी होते. खाली करडी बाईने कपाट उघडलं. खालच्या फळीवर, व्हिनेगरच्या उंच बाटलीमागे दडवलेली निळी शिशी तिने काढली. थेंब मोजले नाहीत. अख्खी शिशी दुधात उपडी केली. ती मनोमन सुखावली होती. आता हे घर आपलं, असं तिला वाटत होतं. मग ती कप घेऊन जिना चढू लागली.”

“चार वाजता गाडी येतेय धाकटीला न्यायला,” अधिकारी म्हणाला. “तुम्ही फक्त सही करा, की हे लिखाण त्यांचं आहे.”

प्रूफताईने परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. 

“मी सही करणार नाही,” ती म्हणाली. “हे लेखिकाबाईंनी लिहिलेलं नाही.”

२

अधिकाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “त्यांच्याच मशीनवर आहे की!”

“मशीन काय, कुणाच्याही बोटांखाली चालतं. हे वाचा. ‘ती मनोमन सुखावली होती.’ नऊ पुस्तकांत करडी बाईच्या मनात काय चाललंय, हे एकदा तरी वाचल्याचं आठवतंय तुम्हाला?”

तो विचारात पडला. 

“नाहीच आठवणार,” प्रूफताई म्हणाली. “कारण ते कुठेच नाही. तिचे हात दिसतात, शाल दिसते, सावली दिसते. ती बोलत नाही. मनातलं तर कधीच कळत नाही. लेखिकाबाईंचा तो नियमच होता. मला म्हणायच्या, अगं, तिच्या मनात वाचकाला शिरू दिलं की संपलं, मग तो तिला घाबरेल कसा? कळलेल्या माणसाची भीती वाटत नाही. इथे बघा, एका परिच्छेदात दोनदा शिरलेत मनात! ज्याने लिहिलं त्याला करडी बाईचा राग येत होता. लेखिकाबाईंना तिचा राग कधीच आला नाही.”

“मॅडम, एवढ्यावर मी बहिणीला सोडू?”

“सोडू नका. पण चार वाजेपर्यंत मला विचारपूस करू द्या.”

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. साडेअकरा. “विचारा. मी बरोबर असणार.”

प्रकाशक वरच्या व्हरांड्यात येरझारा घालत होता. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

“काल चारला आलो, साडेचारला निघालो,” तो म्हणाला. “खरं सांगतो ताई, भांडायलाच आलो होतो. बाईंनी फोनवर सांगितलं, दहावं पुस्तक शेवटचं, आणि ते वाचून वाचक मला शिव्या घालतील. वर हसत होत्या! मी म्हटलं, असलं काही करू नका. ऐकलं नाही. मग त्यांच्या पायांत कळ आली. धाकटी मागे अंगण झाडत होती, म्हणून मीच स्वयंपाकघरातून थेंबांची शिशी आणली. वरच्या फळीवर होती, नेहमीच्या जागी. पाच थेंब दिले आणि शिशी परत तिथेच ठेवली.”

“वरच्या फळीवर?”

“हो ना. नवी कोरी, भरलेली होती.” मग त्याचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. “ताई, शिशीवर माझे ठसे असतील! तुम्हाला वाटतंय की मी...”

 प्रूफताईला अजून काहीच वाटत नव्हतं, आणि याचंच तिला आश्चर्य वाटत होतं. वाटायला हवं होतं ते सगळं सकाळी एका क्षणात वाटून झालं होतं.

३

टायपिस्ट लेखिकाबाईंच्या खोलीलगतच्या छोट्या खोलीत बसली होती. तिशीची, नीटनेटकी, रडून रडून डोळे सुजलेली. दोन वर्षांपूर्वी लेखिकाबाईंचे पाय गेले, हात थरथरू लागले, तेव्हापासून त्या तोंडाने सांगायच्या आणि ही टाइप करायची.

“कालच सांगितलं त्यांनी ते प्रकरण,” ती म्हणाली. “दोनच्या सुमारास सुरू केलं. चारला प्रकाशक आले त्याआधी संपलंसुद्धा. मग मी वाचकांच्या पत्रांना उत्तरं टाइप केली आणि सहाला घरी गेले. नेहमीसारखी.” तिने डोळ्यांना रुमाल लावला. “त्यांचा आवाज कापत होता हो. मला तेव्हाच समजायला हवं होतं! मी एकटीने त्यांना या घरात सोडून जायला नको होतं.”

“नक्की चारच्या आधी?” अधिकाऱ्याने विचारलं.

“नक्की. शपथेवर सांगते.”

प्रूफताईने टेबलावर नजर फिरवली. सगळं जागच्या जागी. “प्रत एकच आहे,” ती म्हणाली. “लेखिकाबाईंना नेहमी दोन लागायच्या. मध्ये कार्बनचा कागद घालून.”

“कार्बन संपले होते.”

“अगं बाई, मग कळवायचंस. मी ऑफिसातून पाठवले असते.”

“लक्षातच राहिलं नाही,” टायपिस्ट म्हणाली. मग प्रूफताईचा हात घट्ट धरून कळवळून बोलली, “ताई, तुम्ही तर सगळं वाचलंय. तुम्हाला तर माहितीये ती कशी आहे. मी चौदा वर्षांची होते तेव्हा पहिलं पुस्तक वाचलं. आठ दिवस दिवा लावून झोपत होते. आणि इथे नोकरी लागली तर साक्षात तीच दार उघडायला उभी! दोन वर्षं मी जीव मुठीत धरून काम केलं. पाणी प्यायलासुद्धा ती मागच्या अंगणात गेल्याशिवाय खाली उतरले नाही.”

तिची बोटं थंडगार होती. प्रूफताईला तिची दया आली. कारण प्रूफताईसुद्धा वीस वर्षांत या घरी दहाबारा वेळा आली होती, आणि एकदाही स्वयंपाकघरात गेली नव्हती.

आता मात्र जायलाच हवं होतं. ती जिना उतरली.

४

धाकटी खिडकीशी स्टुलावर बसली होती. साठीची, बारीक चणीची बाई. दाराशी शिपाई उभा. करडी शाल विटून कुठे कुठे पांढरी झाली होती, आणि कोपरावर रफू केलेलं होतं. हे रफू कुठल्याच पुस्तकात नव्हतं. प्रूफताईला ते एकदम खटकलं.

“मी प्रूफं तपासते,” ती म्हणाली. 

“ओळखते मी तुम्हाला,” धाकटी म्हणाली. आवाज बारीक, जरासा बसका. वीस वर्षांत प्रूफताईने तो पहिल्यांदा ऐकला.

“साहेब म्हणतात, तुम्ही काही बोलत नाही.”

“त्यांनी विचारलं, का मारलंस म्हणून. मी मारलं नाही, मग त्याचं उत्तर काय देणार? दुसरं काही त्यांनी विचारलंच नाही. इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नाही. सगळे माझ्याकडे बघतात आणि निघून जातात.”

अधिकारी जरा खाकरला.

“मग मी विचारते,” प्रूफताई म्हणाली. “काल दुपारपासून काय काय झालं, सगळं सांगा. बारीकसारीकसुद्धा.”

धाकटी हळूहळू सांगू लागली. पावणेपाचला डॉक्टरांचा फोन आला. मागची शिशी फार लवकर संपली म्हणाले. तुमची बहीण दुखणं असह्य झालं की येईल त्याच्याकडून शिशी मागून घेते आणि जास्त थेंब घेते, तेव्हा नवी शिशी कुणाला दिसणार नाही अशी ठेवा. “म्हणून मी पाच वाजता ती जागेवरून हलवली. खालच्या फळीवर, व्हिनेगरच्या बाटलीमागे. कुणाला सांगितलं नाही. ताईलाही नाही. तिला सांगितलं असतं तर लपवण्यात काय अर्थ? कुणाकडूनही मागवली असती तिने.”

अधिकाऱ्याने झटकन मान वर केली. प्रूफताईने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

“मग?”

“मग ताईचं दूध पातेल्यात काढून मध घालून झाकून ठेवलं आणि साडेपाचला मागे कपडे काढायला गेले. परत आले तर टायपिस्ट पाणी पिऊन गेली होती. ग्लास विसळून पालथा ठेवलेला होता. माझ्यासमोर ती कधी येत नाही, घाबरते बिचारी. सातला दूध गरम करून वर नेलं. ताईने प्यायलं. कडू लागतंय म्हणाली. मी म्हटलं, मध जुना झालाय.” इथे धाकटीचा आवाज फुटला. “मी म्हटलं, पिऊन टाक सगळं. माझ्या हाताने दिलं हो मी! ती गोड बोलून कप परत देत होती, आणि मी तिला आग्रह केला!”

तिने शालीत तोंड लपवलं. खांदे गदगदा हलू लागले. आणि प्रूफताईला धक्का बसला तो या रडण्याचा. ही बाई रडू शकते, हे आजवर तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाहेर फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. वेळेआधीच आली होती. लोक टाळ्या वाजवत होते.

५

“साहेब, पाच मिनिटं,” प्रूफताई म्हणाली. “सगळ्यांना जिन्याच्या वळणावर बोलवा.”

त्या वळणावर एक लाकडी बाक होता. पाय धड होते तेव्हा लेखिकाबाई त्या बाकावर बसूनच सगळी पुस्तकं लिहायच्या. तिथून दिसेल तेवढंच ‘मी’ला दिसणार, ही त्यांची लिहिण्याची पद्धत. प्रकाशक, टायपिस्ट, अधिकारी सगळे दाटीवाटीने उभे राहिले. धाकटी खाली स्वयंपाकघराच्या दारात.

“साहेब, तुम्ही बाकावर बसा. धाकट्याबाई, कपाट उघडा बरं.”

कपाटाचं दार उघडलं. रुंद लाकडी दार जिन्याच्या बाजूला वळलं आणि आतलं सगळं त्याच्याआड गेलं. शिश्या किणकिणल्या, बस्स.

“काय दिसलं?”

“काहीच नाही,” अधिकारी म्हणाला. “नुसतं दार. अरे! पुस्तकात असंच आहे! दार उघडतं, शिश्या वाजतात, दार मिटतं. मला तर तो आवाज वाचून घाम फुटायचा.”

“घाम फुटायचा, कारण कपाटात काय चाललंय ते दिसत नाही. न दिसणारं वाचक स्वतःच भरून काढतो, आणि वाईटच भरतो. हीच तर लेखिकाबाईंची कला! पण या नव्या प्रकरणात, याच वळणावरून, ‘मी’ला खालची फळी दिसते. व्हिनेगरची बाटली दिसते. तिच्यामागची शिशी दिसते. इथून ते कुणालाच दिसणार नाही. ते दिसायला कपाटासमोर उभं राहावं लागतं.”

प्रूफताई बोटांवर मोजू लागली.

“आता वेळ बघा. सव्वाचारला शिशी वरच्या फळीवर होती. प्रकाशकांनी स्वतः ठेवली. साडेचारला ते गेले. पाचला धाकट्याबाईंनी ती व्हिनेगरमागे दडवली. लेखिकाबाईंना सांगितलं नाही, आणि त्या दोन वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या. मग चारच्या आधी सांगून झालेल्या प्रकरणात, पाचला बदललेली जागा आली कुठून?”

प्रूफताई सावकाश वळली. “पाचनंतर या कपाटासमोर एकटी कोण होती? पाणी प्यायला कोण खाली आलं? रिकामी शिशी धाकट्याबाईंच्या टोपलीत टाकायला कोण मोकळं होतं?”

टायपिस्टच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता. “खोटं आहे,” ती पुटपुटली. “तिने तुम्हालापण... ती तुम्हालापण...”

“आणि कार्बन?” प्रूफताई वर गेली आणि टायपिस्टच्या टेबलाच्या खणातून एक चपटा डबा घेऊन आली. “संपले म्हणालीस. दहाबारा आहेत.” तिने एकेक कागद वर धरला. सगळे कोरे. शेवटचा मात्र कोरा नव्हता. एकदाच वापरलेला होता आणि त्यावर एका पानाची अक्षरं स्वच्छ उमटली होती. दोन्ही प्रती जाळल्या असतील किंवा फाडल्या असतील, पण टायपिस्टचा हात तो! एकदाच वापरलेला चांगला कार्बन तिच्याने टाकवला नाही. सवयीने परत डब्यात गेला.

प्रूफताईने तो जिन्यावरच्या खिडकीच्या उजेडात धरला आणि मोठ्याने वाचू लागली.

“मी खोटं बोलत आले. नऊ पुस्तकं मी जिन्याच्या वळणावर बसले आणि उरलेल्या पायऱ्या उतरून खाली गेले नाही. गेले असते तर दिसलं असतं, की ती कपाटात माझे थेंब मोजतेय. ती दाराशी उभी राहायची, ती माझा श्वास नीट चाललाय ना ते ऐकायला...”

“थांबा!” टायपिस्ट किंचाळली. सगळे दचकले. “वाचू नका ते! तुम्हाला कळत नाहीये का त्यांनी काय केलं? तो ‘मी’ मीच होते! चौदा वर्षांची असल्यापासून मीच! मला वाटलेली भीती, माझं धडधडणारं काळीज, सगळं माझं होतं. आणि त्या शांतपणे खुर्चीत बसून मला सांगतात, टाइप कर, मी खोटं बोलत आले. माझ्याच बोटांनी मला खोटारडी ठरवत होत्या! हिने भरवलं होतं त्यांना, दुसरं काय?”

“म्हणून जीव घेतलास?” प्रकाशक कसाबसा बोलला.

“मी नुसती शिशी बघायला गेले होते. वरच्या फळीवर नव्हती. शोधली तर दडवलेली! दडवलेली होती हो! म्हणजे ही त्यांना मारणारच होती. आज ना उद्या मारणारच होती. मी फक्त...” ती धाकटीकडे बोट दाखवत होती. “बघा ना तिच्याकडे. बघा कशी उभी आहे!”

धाकटी नुसती उभी होती. हात शालीखाली, डोळे लाल, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. आणि अधिकारी, प्रकाशक, शिपाई, सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, सगळ्यांच्याच अंगावर काटा आला.

६

गाडी गेली ती टायपिस्टला घेऊन. फाटकाशी जमलेल्या लोकांना काही समजेना. गाडीत करडी शाल दिसत नाही म्हणून ते चिडले, आणि मग एकेक करून पांगले. म्हातारी तेवढी शेवटपर्यंत उभी होती. अधिकारी जाताना धाकटीसमोर टोपी काढून उभा राहिला.  शेवटी म्हणाला, “घरी जाऊन बायकोला काय सांगू, तेच कळत नाहीये.”

प्रूफताई मात्र जिन्यावरच राहिली. मघाशी तिने कार्बन अर्धाच वाचला होता. उरलेल्या ओळी ती आता मनातल्या मनात वाचत होती.

“लहानपणी मला ताप आला, तेव्हा अकरा दिवस ती उशाशी बसून होती. मी नऊ वर्षांची, ती सहा. ‘मी आहे इथे,’ एवढंच म्हणायची. हे मी पहिल्या पुस्तकात करडी बाईच्या तोंडी लिहिलं होतं. नंतर ते खोडलं गेलं. मीही हरकत घेतली नाही, कारण त्याशिवाय पुस्तक जास्त भीतिदायक झालं होतं.”

 प्रूफताईला ते पान आठवलं. वीस वर्षांपूर्वीचं, पिवळट कागदावरचं. त्यावर एक लाल रेघ, आणि समासात तिच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: इथे वाचकाला करडी बाईची कीव येते. काढावे.

टायपिस्टने एक प्रकरण नाहीसं केलं होतं. पण करडी बाईची भीती तिच्या मनात घातली कुणी? चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात ते पुस्तक त्या एका वाक्याशिवाय गेलं, ते कुणामुळे? प्रूफताई मटकन बाकावर बसली. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. कपाटाचं दार उघडलं. काहीतरी किणकिणलं. दार मिटलं.

ती उठली. कठडा घट्ट धरून उरलेल्या सात पायऱ्या उतरली आणि स्वयंपाकघरात गेली.

“तुमचं एक वाक्य होतं पहिल्या पुस्तकात,” ती म्हणाली.  “ते मी खोडलं.”

“ठाऊक आहे,” धाकटी म्हणाली. तिची पाठ होती. “ताईची जुनी कागदपत्रं मीच लावून ठेवते. तुमची लाल शाई ओळखते मी. बसा. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही. मलाही काही सुचत नाहीये, म्हणून चहा टाकला.”

प्रूफताई खुर्चीत बसली. धाकटी वळली. करडी शाल, कमरेला किल्ल्या, हातात वाफाळता कप. आवाज न करता ती जवळ आली आणि तिने कप पुढे केला.

प्रूफताईचा हात उचललाच जाईना. तिला सगळं माहीत होतं. तिनेच तर सिद्ध केलं होतं! तरी हात मांडीवर दगडासारखा पडून राहिला, आणि नजर कपातल्या चहावर खिळून राहिली. एक क्षण गेला. दुसरा गेला.  मेल्या हाता, उचल ना, ती स्वतःला शिव्या घालत होती. हात हलत नव्हता.

धाकटीच्या ते लक्षात आलं. ती रागावली नाही, दुखावल्यासारखीही दिसली नाही. तिला याची सवय होती. तिने कप परत घेतला, स्वतः एक घोट घेतला, गिळून दाखवला, आणि मग तो प्रूफताईच्या हातात ठेवून तिची बोटं त्याच्याभोवती नीट मिटवली.

प्रूफताई हमसून हमसून रडायला लागली. कप हिंदकळून चहा तिच्या पदरावर सांडला.

धाकटीने स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसली. “असू द्या,” ती म्हणाली. “मी आहे इथे.”